औषधदान आणि बंद दवाखाना

आपल्या धर्मात आहार, औषध, शास्त्र व अभय अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांपैकी औषधदान म्हणजे केवळ द्रव्य देणे नव्हे. औषध देणारा हात संकटकाळी जागेवर असणे, हे त्याचे मर्म होय. सुरतेने याचा अनुभव १९९४ साली घेतला.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा प्लेग आढळला आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरतेत फुप्फुसांच्या प्लेगाने हाहाकार उडविला. थोड्याच दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. त्यांच्याबरोबर बहुसंख्य खाजगी डॉक्टरही गेले. गल्लीतील दवाखान्यांना कुलपे लागली.

याचा परिणाम नीट समजून घ्यावयास हवा. गाठीचा प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे होतो, हे वखारीत वावरणाऱ्या आम्हां धान्यव्यापाऱ्यांस ठाऊक असते. फुप्फुसांचा प्लेग मात्र रोग्याच्या खोकल्यातून थेट दुसऱ्यास जडतो. लक्षणे दिसल्यापासून चोवीस तासांत औषध न मिळाल्यास रोगी सहसा वाचत नाही. टेट्रासायक्लीनसारखे औषध वेळेवर मिळाले तर बहुधा बरा होतो. म्हणजेच दवाखान्याचे कुलूप वेळ खाते, आणि येथे वेळ हाच प्राण.

ज्याच्यापाशी वाहन व पैसा होता, त्यास परगावी डॉक्टर गाठता आला. यंत्रमागावर राबणाऱ्या खानदेशी वा ओडिया मजुरास वस्तीतील दवाखाना हाच आधार होता. प्लेग न झालेली गरोदर स्त्री व तापाने फणफणलेले मूल यांचाही आसरा तुटला.

एका दुकानाचे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानी गेले तर शेजाऱ्याचा लाभ होतो; रुग्णालयाचे तसे नाही. तेथे सारा भार सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टर, परिचारिका व सफाई कामगारांवर पडला. स्वतःच्या जिवाची भीती असूनही ते कामावर राहिले. निघून गेलेल्या डॉक्टरांचीही हानी झालीच. रोग्याचा विश्वास ही त्यांची पत होती.

पुढे १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहराची स्वच्छता झाली व सुरतेची कीर्ती पसरली. परंतु स्वच्छतेइतकाच वस्तीतील दवाखानाही टिकावयास हवा. तुटीच्या वर्षासाठी आपण वखारीत धान्य राखतो. तद्वत धर्मार्थ दवाखान्यासाठी औषधांचा साठा, सेवकांच्या वेतनाचा राखीव निधी व त्यांच्या संरक्षणाची सोय आधीच करून ठेवावी. संकट आल्यावर उघडलेली थैली बहुधा उशिरा पोहोचते.