मातीचे धरण आणि काठावरची सहल

मातीचे धरण पाणी अडवते ते स्वतःच्या वजनाने. त्यात सिमेंटने किंवा चुन्याने सांधलेली भिंत नसते. थराथराने पसरलेली, पाणी मारून रोलरने दाबलेली माती असते. महाराष्ट्रातले पाझर तलाव आणि लघुपाटबंधारे तलाव बहुतेक याच प्रकारचे आहेत. १९७२ च्या दुष्काळात हाताला काम म्हणून गावोगावी पाझर तलाव बांधले गेले, आणि त्यातले कितीतरी भराव आज पन्नाशी ओलांडून उभे आहेत. शेतीसाठी आणि विहिरींना पाणी मिळावे म्हणून बांधलेल्या या तलावांवर आता पावसाळी सहली येतात, मुले पोहतात, सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. धरणाचा माथा, सांडवा आणि पाण्याकडचा उतार ही त्याची सर्वांत नाजूक अंगे. माणसांना बसायला, फिरायला आवडतात तीही नेमकी हीच.

भरावाच्या मध्यभागी पाणी सहसा न झिरपू देणाऱ्या चिकण मातीचा गाभा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचे जाड कवच. हा गाभा जमिनीखाली खंदक खणून कठीण थरापर्यंत नेलेला असतो, नाहीतर पाणी भरावाच्या खालून वाट काढते. पाण्याकडच्या उतारावर लाटांचा मारा सोसण्यासाठी दगडांचे पिचिंग असते. मागच्या पायथ्याशी दगडी टाच असते. भरावात मुरलेले पाणी तिच्यातून माती न आणता बाहेर पडते. शेतीला पाणी सोडायचे ते विमोचकातून. पुराचे जादा पाणी जाते ते बाजूच्या सांडव्यावरून. सांडव्यावरून पूर वाहत असतानाही पाण्याची पातळी आणि धरणाचा माथा यांत काही अंतर राखलेले असते, त्याला मुक्तांतर म्हणतात. ही मोकळी राखलेली उंची वाया गेलेली नसते. तिच्यावरच सगळे अवलंबून असते, कारण मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले की काही तासांत भराव कापला जातो.

लोणावळ्याच्या भुशी धरणावर पायऱ्यांवरून फेसाळत उतरणारे पाणी पाहिलेल्यांना हे पटायला जड जाते. पण त्या पायऱ्या दगडी आहेत, पाणी त्यांच्यावरून जावे अशीच त्यांची बांधणी आहे. मातीच्या धरणाला ती मुभा नाही.

फुटण्याचे दुसरे मोठे कारण आतले असते. प्रत्येक मातीचे धरण थोडे पाझरतेच, आणि पायथ्याशी येणारे स्वच्छ, एकसारखे पाणी हा दोष नव्हे. ते पाणी गढूळ झाले, किंवा एकाएकी वाढले, तर भरावाच्या पोटातली माती वाहून जाऊ लागली असे समजावे. आत नळीसारखी पोकळी तयार होते, ती मागून पुढे पाण्याच्या दिशेने वाढत जाते आणि शेवटी वरचा भराव खाली बसतो. झाडांची कुजलेली मुळे, उंदीर-घुशींची आणि खेकड्यांची बिळे तिला आयती वाट देतात. विमोचकाच्या बांधकामालगतची जागा याबाबत फार धोक्याची असते. पुण्याजवळच्या पानशेत धरणात भरावाचे काम पुरे होण्याआधीच पाणी साठले, विमोचकाच्या भुयारापाशी बिघाड झाला आणि वरचा भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी १२ जुलै १९६१ च्या सकाळी धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे दगडी धरणही फोडले आणि पुण्यात हाहाकार उडाला. पानशेत मोठे धरण होते; पण लहान धरणही तितकेच निर्दय होऊ शकते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती.

करमणुकीसाठी केलेले बदल धरणाचा घात कसा करतात, याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात आहे. जॉन्सटाउन शहराच्या वरच्या अंगाला, सुमारे २२ किलोमीटरवर, साउथ फोर्क हे २२ मीटर उंचीचे मातीचे धरण होते. ते बांधले होते कालव्याला पाणी पुरवण्यासाठी. रेल्वे आल्यावर कालवा निरुपयोगी झाला, धरण एकदा फुटले आणि तसेच पडून राहिले. मधल्या एका मालकाने तळातले पाणी सोडण्याचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले. १८७९ मध्ये पिट्सबर्गच्या धनिकांच्या क्लबने मासेमारी आणि नौकाविहारासाठी जागा घेतली. अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री फ्रिक त्याचे सभासद होते. भगदाड बुजवले, पण नळ पुन्हा बसवले नाहीत. त्यामुळे गळती दिसली तरी तळे रिकामे करण्याचा मार्गच उरला नाही. माथ्यावरून दोन घोडागाड्या समोरासमोर जाव्यात म्हणून माथा खाली उतरवून रुंद केला. मुक्तांतर तेवढे घटले. तळ्यात सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. जॉन्सटाउनच्या लोखंड कारखान्याच्या अभियंत्याने १८८० मध्ये धरण पाहून धोक्याचा इशारा दिला होता. क्लबने तो मनावर घेतला नाही. ३१ मे १८८९ रोजी प्रचंड पाऊस झाला, ओंडके आणि पालापाचोळा जाळ्यांत अडकून सांडवा तुंबला आणि पाणी माथ्यावरून वाहू लागले. दुपारी तीनच्या सुमारास धरण फुटले. तासाभरात लोंढा शहरावर आदळला. २,२०९ माणसे गेली. क्लबने केलेला एकेक बदल स्वतंत्रपणे किरकोळ वाटणारा होता, आणि माणसांच्या सोयीसाठी केलेला होता.

आपल्याकडच्या लहान तलावांवर हे प्रकार वेगळ्या रूपात घडू शकतात. सांडव्यावर मासे अडवायला जाळे ताणणे, चार फूट पाणी जास्त साठावे म्हणून सांडव्यावर पोती किंवा दगड रचणे, सांडव्याच्या पुढच्या चरात टपऱ्या थाटणे हे सगळे पुराची वाट अडवणारे आहे. माथ्यावरून गाड्या गेल्या की चाकोऱ्या पडतात, त्यांत पाणी साचते आणि भरावात मुरते. उतारावरून ये-जा करून पडलेल्या पायवाटा पहिल्या जोरदार सरीत घळी होतात. भरावावर सावलीसाठी झाडे लावण्याचा उत्साहही चुकीचा आहे. तिथे आखूड गवतच हवे, म्हणजे माती धरून राहते आणि भेगा, ओल, बिळे नजरेला पडतात.

पाण्यात उतरणाऱ्याला धोका असतो तो वरून न दिसणाऱ्या तळाचा. भरावासाठी माती जिथून उचलली ते खड्डे, पाण्याखाली गेलेल्या विहिरी, उन्हाळ्यात गाळ काढताना पडलेले उभ्या काठांचे खोल चर हे सगळे गढूळ पाण्याखाली लपते. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट पुरुषभर खोलीत जाते. पिचिंगचे दगड शेवाळाने निसरडे होतात, आणि पडलेल्याला त्या उतारावर पाय रोवायला जागा मिळत नाही. विमोचक सुरू असताना त्याच्या तोंडाशी मोठी ओढ असते. वाहत्या सांडव्यातून चालणे कितीही सोपे दिसले तरी गुडघ्याएवढे वेगवान पाणी मोठ्या माणसाला पाडते. बुडणाऱ्यामागे उडी मारणारा दुसरा माणूसही अनेकदा जातो. दोर, लांब काठी, साडी किंवा रिकामा बंद कॅन काठावरून फेकणे जास्त उपयोगाचे ठरते.

तलावाचा आनंद घ्यायचा तर भरावापासून दूरचा, पाणलोटाकडचा उथळ काठ चांगला. हिवाळ्यात चक्रवाक आणि इतर बदके उतरतात ती बहुधा तिकडेच. पोहण्यासाठी ग्रामपंचायतीने तळ तपासून एक जागा ठरवावी, तिथे खोलीचे खांब रोवावेत, दोर बांधावा. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवे, आणि होडीने भराव व सांडव्यापासून लांब राहावे.

देखरेखीची कायदेशीर चौकट लहान धरणांना अजून पुरेशी लागू नाही. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी ठरावीक निकषांत बसणाऱ्यांना लागू होतो. त्यांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक आहे. दहा मीटरच्या आतले तलाव त्याबाहेर राहतात, आणि त्यांच्या पायथ्याशीही वाड्या-वस्त्या असतात. ६०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची कामे राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे असतात, त्यांतली १०० हेक्टरपर्यंतची जिल्हा परिषदेकडे.

म्हणून गावाची नजर महत्त्वाची. मे महिन्यात सांडवा साफ करावा, विमोचकाचे दार उघडून-मिटून पाहावे. पावसाळ्यात तळे भरत असताना माथ्यावरून आणि मागच्या पायथ्यावरून रोज एक फेरी मारावी. माथ्यावर लांब भेग, उतारावर फुगवटा किंवा खचलेला भाग, पायथ्याशी नवी ओल किंवा गढूळ पाणी यांपैकी काहीही दिसले तर आधी खालच्या वस्तीला उंचावर हलवावे आणि त्याच वेळी तहसील कार्यालयाला व तलावाच्या अभियंत्याला कळवावे. विमोचक उघडून पातळी कमी करायची ती अभियंत्याच्या सल्ल्याने, हळूहळू. पाणी झपाट्याने उतरले तर पाण्याकडचा ओला उतार घसरतो.