स्पोर्ट्स कारची वाट बघणारी गर्दी आणि आपला गल्ला

मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. "सर, नवीन परफॉर्मन्स गाडी येतेय, सगळीकडे तिचीच चर्चा आहे, तिच्या जिवावर काही धंदा उभा राहील का?" व्हिडिओत मी दोन मिनिटांत उरकलं होतं. इथे नीट बोलू, कारण हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी काही जण खरोखर पैसे घेऊन तयार बसलेत, आणि ते पैसे साधे नाहीत.

आधी आपल्या पुण्याशी नातं असलेली एक गोष्ट. फेब्रुवारी २०१७ मध्ये टाटा मोटर्सने 'टॅमो' नावाचा वेगळा ब्रँड जाहीर केला आणि ७ मार्चला जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये 'रेसमो'वरचा पडदा काढला. दोनच सीट, इंजिन सीटच्या मागे, फुलपाखराच्या पंखासारखे वर उघडणारे दरवाजे. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १९० पीएसच्या आसपास ताकद, शून्य ते शंभर सहा सेकंदांच्या आत. आणि हे सगळं टियागो बनवणाऱ्या कंपनीकडून! त्या महिन्यात पौड रोडवरच्या कुठल्याही टपरीवर उभे राहा, दोन पोरं रेसमोची किंमत ठरवताना दिसायची. एक म्हणायचा वीस लाख, दुसरा म्हणायचा तीसच्या खाली येतच नाही. दोघांच्या खिशात चहाचे पैसे.

गाडी आली नाही. फेब्रुवारी २०१८ च्या ऑटो एक्स्पोमध्ये ती पुन्हा दिसली, शेजारी तिचं इलेक्ट्रिक रूपही होतं, पण शोरूमपर्यंत पोचली नाही. कंपनीचा देशातला धंदा तेव्हा अडचणीत होता, खर्चाला कात्री लावणं चालू होतं. अशा वेळी थोड्याच संख्येने विकली जाणारी गाडी आधी बाजूला पडते. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याच कंपनीने कोइम्बतूरच्या जयेम ऑटोबरोबर मिळून टियागो जेटीपी आणली. ११४ पीएस, किंमत ६ लाख ३९ हजारांपासून. स्वस्तातली मजेदार गाडी हवी म्हणणाऱ्यांसाठी याहून सोपी संधी नव्हती. तीही फार काळ टिकली नाही. किंमत ठरवणाऱ्या त्या पोरांपैकी किती जणांनी ती घेतली असेल, तुम्हीच सांगा.

आता चाकणला चला. महिंद्राची बीई ६ तिथे बनते. स्पोर्ट्स कार नाही म्हणाल तर बरोबर आहे, ती एसयूव्ही आहे. पण मोठ्या बॅटरीच्या गाडीत ताकद २१० किलोवॅट, ती मागच्या चाकांना, आणि कंपनीच्या दाव्यानुसार शून्य ते शंभर ६.७ सेकंदांत. तिची वाट बघणारी मंडळी तीच, जी आधी रेसमोची वाट बघत होती. (आधी तिचं नाव बीई ६ई होतं, इंडिगो विमान कंपनीने हरकत घेतली म्हणून 'ई' गेला. नाव नोंदवण्यावर वेगळा व्हिडिओ करायचाय, आठवण करून द्या.)

१४ फेब्रुवारी २०२५ ला बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या दोन्ही गाड्यांचं बुकिंग उघडलं. पहिल्याच दिवशी ३०,१७९ बुकिंग. कंपनीने आकडा सांगितला ८,४७२ कोटींचा. पेपरात तोच छापून आला. आता कॅल्क्युलेटर काढा, कारण आपला विषय इथेच आहे.

बुकिंगची रक्कम होती २१,००० रुपये. गुणिले ३०,१७९. होतात ६३ कोटी ३७ लाखांच्या आसपास. म्हणजे बातमीतला आकडा ८,४७२ कोटी आणि लोकांनी त्या दिवशी प्रत्यक्ष बाहेर काढलेले पैसे त्याच्या एक टक्क्यापेक्षाही कमी. बाकी सगळी इच्छा. पक्की इच्छा असेल, पण इच्छाच. दुसरं गणित: ८,४७२ कोटी भागिले ३०,१७९, म्हणजे एका गाडीमागे सरासरी २८ लाख. बीई ६ तर १८ लाख ९० हजारांपासून सुरू होत होती! याचा अर्थ, सगळ्यात आधी रांगेत लागलेल्यांपैकी बहुतेकांनी स्वस्त मॉडेल घेतलं नाही, वरचं घेतलं. खरा शौकीन कमी किमतीसाठी थांबत नाही. तो भाव कमी करा म्हणून तुमच्या काउंटरवर वीस मिनिटं वाद घालत असेल, तर तो शौकीन नाही, बघ्या आहे. बघ्या वाईट नसतो, पण त्याचा हिशोब वेगळ्या वहीत ठेवायचा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीई ६ ची बॅटमॅन आवृत्ती आली, २७ लाख ७९ हजारांना. आधी ३०० गाड्या बनवायचं जाहीर केलं, मागणी बघून ९९९ केल्या, आणि २३ ऑगस्टला बुकिंग उघडल्यावर १३५ सेकंदांत संपल्या. ऑक्टोबरमध्ये स्कोडाने ऑक्टेव्हिया आरएस आणली. देशात फक्त १००, परदेशातून तयार आलेल्या, किंमत ४९ लाख ९९ हजार. त्याही बुकिंग उघडल्या उघडल्या गेल्या. दोन्हीकडे माल कमी आणि टोकन आधी. गोदाम भरून कोणीच बसलं नव्हतं.

आता मुळशीत येऊ. रविवारी सकाळी सहाला चांदणी चौकातून निघालेल्या गाड्या भूगाव, पिरंगुट, पौड करत मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणीकडे जातात. माझं ॲक्सेसरीजचं दुकान पिरंगुटला, त्यामुळे हा जथा मला आवाजावरून कळतो. आपल्या बॅचमधला एक मुलगा याच रस्त्यावरच्या गावचा. घरच्यांनी जमिनीचा तुकडा विकला, त्यातले चौदा लाख वडिलांनी त्याला धंद्यासाठी देऊ केले. जमिनीचे पैसे कसे येतात आणि कसे जातात, हे आपल्या तालुक्यात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. त्याला स्पोर्ट्स कारसाठी डिटेलिंग स्टुडिओ टाकायचा होता. गाळ्याचं डिपॉझिट, लिफ्ट, पीपीएफचे रोल, काचेचं केबिन. कागदावर लिहिलं होतं: महिन्याला आठ स्पोर्ट्स कार. वडील माझ्याकडे येऊन म्हणाले, "सर, तुम्ही हो म्हणाल तर मी सही करतो." असं कोणी म्हणालं की पोटात गोळा येतो.

मी हो पण म्हणालो नाही आणि नाही पण नाही. त्याला सांगितलं, तीन रविवार पौडच्या पुढे वही घेऊन बस. सहा ते दहा. कोण जातं, कोण थांबतं, थांबून कशावर पैसे खर्च करतं, एवढंच लिही.

पहिल्या रविवारी अकरा भारी गाड्या, दुसऱ्या रविवारी नऊ, तिसऱ्या रविवारी पाऊस होता, दोनच. तीन आठवड्यांत एकूण बावीस, त्यातल्या थांबल्या पाच. कशासाठी? चहा, टॉयलेट आणि एकाला टायरमधली हवा बघायची होती. पीपीएफ कोणीच विचारलं नाही, कारण अशा गाडीचा मालक ते काम गाडी ताब्यात घेतानाच ओळखीच्या शहरातल्या स्टुडिओत करून घेतो. शिवाय या गाड्या जमिनीला इतक्या टेकलेल्या असतात की साधा जॅक खाली जातच नाही, आणि इलेक्ट्रिक असेल तर जॅक बॅटरीखाली लावून चालत नाही, ठरवून दिलेल्या जागीच लावावा लागतो. एक चूक आणि वर्षाची कमाई गेली.

पण वहीच्या मागच्या पानावर पोराने आपणहून दुसरी यादी केली होती. तिथेच मला वाटलं, हा धंदा करेल. त्या बावीस गाड्यांच्या मागे-पुढे, त्यांचे फोटो काढत, कितीतरी पोलो, आय२०, थार आणि बाइक होत्या. ही खरी वाट बघणारी मंडळी. ऑक्टेव्हिया आरएसचं स्वप्न, चालवतायत पोलो. चाकणला बनणारी पोलो २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हापासून तिचे मालक तिला लेकरासारखं जपतात. स्वप्नातल्या गाडीवर खर्च करता येत नाही, म्हणून हातातल्या गाडीवर करतात. हेडलाइटची पिवळी पडलेली काच घासून घेणं, सीट धुणं, टायरचं प्रेशर डिजिटल गेजवर बघून घेणं, वायर न कापता कपलरला कपलर जोडून डॅशकॅम बसवणं. पाचशे ते तीन हजारांची कामं, आणि ती पुन्हा पुन्हा येतात.

एक गोष्ट मात्र त्याला स्पष्ट बजावली. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवून द्यायचा नाही, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिलाय की कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ रचनेत मोटार वाहन कायद्याच्या बाहेर जाऊन बदल करता येत नाही. दंड गाडीवाल्याला होईल, पण नाव दुकानाचं जाईल. रंग बदलायचा असेल तरी आरसीवर नोंद लागते, हे गिऱ्हाईकाला आधीच सांगा.

मग त्याने एक लाख साठ हजारांत सुरुवात केली. प्रेशर वॉशर, व्हॅक्यूम, चांगला कॉम्प्रेसर, पॉलिशर, आणि घरच्या जागेवर पत्र्याची शेड. सुरू करायच्या आधी टोकनची परीक्षा घेतली. रविवारी थांबणाऱ्यांना पत्रक दिलं: हेडलाइट आणि इंटिरियर मिळून अठराशे, आज पाचशे भरून तारीख घ्या. "भारी आहे भावा, नक्की येतो" म्हणून नंबर देणारे चाळीस निघाले. पाचशे काढून देणारे सात. पोरगं जरा हिरमुसलं. मी म्हणालो, अरे, चाळीसात सात हे वाईट नाही, आणि हे सात ओळखीचे पण नाहीत.

सातपैकी सहा आले. एकाने तारीख पुढे ढकलली. सहांपैकी दोघांनी मित्र पाठवले.

उरलेले बारा लाख चाळीस हजार वडिलांच्या नावावर एफडीत आहेत. गाळ्याचा मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार झालाय, पण भाडं महिना दोन हजारांनी वाढवून मागतोय, त्यावर बापलेकांची त्याच्याशी घासाघीस चालू आहे. पोराने परवानगी दिलीय, पुढच्या व्हिडिओत त्याची ती वही पान-पान करून दाखवतो.