झेड की जे? टारच ओळखतो

लिनक्सवर दाबलेली फाइल उघडताना ती कशाने दाबली आहे, हेही पूर्वी 'टार'ला सांगावं लागे: जीझिपला झेड, बीझिप२ला जे. अक्षर चुकलं की काम अडलं. 2004 मध्ये आलेल्या जीएनयू टारच्या 1.15 आवृत्तीने ही कटकट संपवली. आता एक्स आणि एफ पुरे. टार फाइलचे सुरुवातीचे बाइट तपासतो. जीझिपचे पहिले दोन ठरलेलेच असतात, त्यामुळे फाइलचं नाव बदललेलं असलं तरी बिघडत नाही. पाइपमधून येणाऱ्या फाइलला मात्र ही सोय नाही. तिथे टार 'झेड लावा' एवढंच सुचवतो. (ओळखलंस ना, मग उघड की!) मला जास्त मोलाचा वाटतो 1.28 मधला 'वन-टॉप-लेव्हल' पर्याय: सुट्या फाइली चालू फोल्डरभर न सांडता एका वेगळ्या फोल्डरात जातात.