लग्नानंतरचे नाव, पासपोर्ट आणि परदेश

तबकात तांदूळ पसरायचे आणि सोन्याच्या अंगठीने त्यात नववधूचे नवे नाव लिहायचे, ही लक्ष्मीपूजनाच्या वेळची रीत आजही अनेक मराठी घरांत पाळली जाते. तांदळातले नाव दोन मिनिटांत बदलते. पासपोर्टवरचे नाव बदलायचे म्हटले, की कागदपत्रांची रांग लागते. त्यातच ही नववधू पतीसोबत अमेरिकेत जाऊन पोहोचली असेल, तर एका नावाशी दोन देशांचे नियम जोडले जातात. नाव बदलावे की नाही, हा ज्याचा-त्याचा प्रश्न. मात्र बदलायचे असेल तर ते केव्हा आणि कोणत्या क्रमाने, हे आधी समजून घेतले नाही तर ऐन प्रवासाच्या वेळी किंवा नोकरीच्या पहिल्या दिवशी अडचण उभी राहते.

कायद्याची सक्ती नाही

लग्नानंतर स्त्रीने नाव किंवा आडनाव बदलले पाहिजे, असे हिंदू विवाह कायदा (१९५५) सांगत नाही आणि विशेष विवाह कायदाही (१९५४) सांगत नाही. पासपोर्टच्या नियमांतही अशी अट नाही. परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम सोपे केले, तेव्हा विवाहित अर्जदारांनी विवाह प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे ही सक्ती काढून टाकली. पासपोर्टसाठी महिलांना लग्नानंतर नाव बदलण्याची गरज नाही, असे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही एप्रिल २०१७ मध्ये मुंबईतील महिलांच्या एका संस्थेपुढे बोलताना स्पष्ट केले होते.

तरीही 'आडनाव एक नसेल तर व्हिसा मिळत नाही' हा समज घराघरांत पक्का आहे. तो चुकीचा आहे. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्याच्या पत्नीला किंवा पतीला एच-४ हा अवलंबिताचा व्हिसा मिळतो, तो विवाहाच्या पुराव्यावर. वकिलातीतील अधिकारी विवाह प्रमाणपत्र पाहतो, लग्नाची छायाचित्रे पाहतो, प्रश्न विचारतो. दोघांची आडनावे निराळी असणे ही त्याच्या दृष्टीने नवलाची गोष्ट नसते. पतीचे नाव पासपोर्टच्या नोंदीत यावे एवढीच इच्छा असेल, तर अर्जात जोडीदाराच्या नावासाठी स्वतंत्र रकाना असतो. तो भरण्यासाठी स्वतःचे नाव बदलावे लागत नाही.

मराठी नाव आणि दोन रकाने

आपल्या नावाची ठेवण या प्रश्नात आणखी एक गुंता घालते. मराठी नावाचे तीन भाग: स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव. भारतीय पासपोर्टवर मात्र रकाने दोनच: आडनाव आणि दिलेले नाव. समजा, लग्नापूर्वी दिलेल्या नावाच्या रकान्यात 'सुनीता रमेश' आणि आडनावात 'कुलकर्णी' असे आहे. लग्नानंतर आडनाव बदलले, वडिलांच्या जागी पतीचे नाव आले आणि तांदळात लिहिलेले नवे नावही स्वीकारले, तर जुन्या नावातला एकही शब्द उरत नाही. परदेशातील अधिकाऱ्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या व्यक्ती ठरतात.

नियमांच्या दृष्टीनेही यात फरक आहे. विवाहामुळे आडनाव बदलणे आणि पतीचे नाव लावणे हा नेहमीचा बदल. पहिले नाव बदलणे हा मात्र संपूर्ण नावबदल समजला जातो आणि त्यासाठी केवळ विवाह प्रमाणपत्र पुरेल असे गृहीत धरू नये. तेथे प्रतिज्ञापत्र आणि दोन दैनिकांतील जाहिराती यांची अपेक्षा असते. त्यांतील एक दैनिक कायमच्या पत्त्याच्या भागातील आणि दुसरे सध्याच्या पत्त्याच्या भागातील लागते. अर्जदार परदेशात असेल, तर दुसरी जाहिरात तेथील वृत्तपत्रात द्यावी लागते. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेण्याचा मार्गही आहे आणि पुढे अनेक ठिकाणी तो पुरावा उपयोगी पडतो. म्हणून पहिले नाव घरापुरते, कौतुकापुरते ठेवावे आणि कागदावर जन्मनावच राहू द्यावे, हा शहाणपणाचा मार्ग ठरतो.

आणखी एक चूक सर्रास होते. काही जण संपूर्ण नाव दिलेल्या नावाच्या रकान्यात लिहितात आणि आडनावाचा रकाना रिकामा सोडतात. अमेरिकी व्हिसावर मग ते सगळे नाव आडनाव म्हणून छापले जाते आणि नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे 'पहिले नाव अज्ञात', अशी अक्षरे येतात. पुढे बँकेत, वाहन परवान्यावर, वेतनपत्रकावर ही तीन अक्षरे त्या व्यक्तीचे नाव होऊन बसतात. नाव बदलण्यासाठी अर्ज करणार असाल, तर हा दोष त्याच वेळी दूर करून घ्यावा.

पहिला कागद: विवाह प्रमाणपत्र

नाव बदला अथवा बदलू नका, विवाह प्रमाणपत्राला पर्याय नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले होते. महाराष्ट्रात त्याआधीच, १९९८ मध्ये, विवाह नोंदणीचा कायदा झाला आहे. त्यानुसार विवाहापासून ९० दिवसांत नोंदणीसाठी ज्ञापन सादर करायचे असते आणि तीन साक्षीदार लागतात. मंगल कार्यालयाने किंवा विवाह मंडळाने दिलेला कागद म्हणजे हे प्रमाणपत्र नव्हे.

परदेशातील मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर येतो, लग्न लागते आणि नोंदणी 'नंतर करू' म्हणून राहून जाते. नंतर ती करण्यासाठी दोघांना पुन्हा एकत्र यावे लागते. त्यामुळे तिकिटांइतकेच महत्त्व या नोंदणीला द्यावे. प्रमाणपत्रावर वधूचे लग्नापूर्वीचे नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षर न् अक्षर जुळते का, हे तेथेच तपासावे. 'दीक्षित'च्या इंग्रजी स्पेलिंगमधील एका अक्षराचा फरकही पुढे खुलासा मागतो. परदेशातील कार्यालयात हे प्रमाणपत्र दाखवायचे असेल, तर परराष्ट्र मंत्रालयाकडून त्यावर अपोस्टील करून घ्यावे.

केव्हा बदलावे?

सर्वांत सोयीची वेळ म्हणजे व्हिसाच्या अर्जापूर्वी. पासपोर्ट नव्या नावाचा झाला की व्हिसा त्याच नावाचा निघतो आणि परदेशातील प्रत्येक कागद पहिल्यापासून एका नावाने तयार होतो. जाण्याची घाई असेल, तर जुन्या नावानेच व्हिसा घ्यावा, जुन्या नावानेच जावे आणि बदल पुढे ढकलावा. पासपोर्टची मुदत संपत आली की नूतनीकरण आणि नावबदल एकाच अर्जात करता येतात. टाळायची ती अर्धवट स्थिती: व्हिसा एका नावाने, तिकीट दुसऱ्या नावाने आणि पासपोर्टचा अर्ज वाटेवर.

परदेशातून अर्ज करताना

नावबदलासाठी जुन्या पासपोर्टवर शेरा मारून मिळत नाही. पासपोर्ट पुन्हा जारी होतो, म्हणजे नवी पुस्तिका आणि नवा क्रमांक मिळतो. अमेरिकेत राहणाऱ्याने पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज भरून, आपले राज्य ज्या भारतीय वकिलातीच्या कक्षेत येते तिच्या सेवा केंद्राकडे कागदपत्रे द्यायची असतात. जुना पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र किंवा पती-पत्नीचे छायाचित्रासह संयुक्त निवेदन, वास्तव्याचा पुरावा आणि व्हिसाविषयक कागद ही त्यातील मुख्य. भारतातील पत्त्यावर पोलीस पडताळणीही होऊ शकते. तेव्हा माहेरच्या आणि सासरच्या मंडळींना अर्जाची कल्पना देऊन ठेवावी.

या काळात मूळ पासपोर्ट हातात नसतो. त्यामुळे प्रवास ठरवू नये. पाठवण्यापूर्वी प्रत्येक पानाची, विशेषतः व्हिसाच्या पानाची प्रत काढावी. अमेरिकेतील प्रवेशाची आय-९४ ही नोंद आता संगणकावर असते आणि ज्या पासपोर्टवर प्रवेश केला त्याच्या क्रमांकाने ती सापडते. तिचीही छापील प्रत आधीच काढून ठेवावी.

व्हिसा जुना, पासपोर्ट नवा

नवा पासपोर्ट हाती आला की पहिली भीती वाटते ती व्हिसाची. जुना पासपोर्ट रद्द झाला, म्हणजे त्यातील व्हिसाही गेला का? नाही. पासपोर्ट रद्द झाल्याने त्यातील व्हिसा आपोआप रद्द होत नाही. जुना पासपोर्ट परत मिळतो आणि तो जपून ठेवायचा असतो. व्हिसाचे पान फाडून नव्या पुस्तिकेत चिकटवण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये. त्याने व्हिसा निकामी होतो.

येथे व्हिसा आणि वास्तव्याचा दर्जा यांतील फरक ध्यानात घ्यावा. व्हिसा ही दारातून आत येण्याची परवानगी आहे. आत आल्यावर किती काळ राहता येईल, हे आय-९४ ठरवते. नाव बदलल्याने हा दर्जा संपत नाही. वास्तव्याच्या मुदतवाढीचा पुढचा अर्ज नव्या नावाने करावा आणि 'पूर्वीची नावे' या रकान्यात जुने नाव न विसरता लिहावे.

देशाबाहेर जाऊन परत यायचे असेल, तर दोन्ही पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवावे आणि तिकीट नव्या पासपोर्टवरील नावानेच काढावे. मात्र विवाहामुळे नाव बदलले असल्यास नव्या नावाने नवा व्हिसा घ्यावा, अशी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची शिफारस आहे. भारतात येण्याचा बेत आखतानाच मुंबईतील अमेरिकी वकिलातीची वेळ घेतली, तर हे काम त्याच फेरीत उरकते.

नावाची साखळी

पासपोर्ट हा साखळीचा पहिला दुवा. त्यानंतर सोशल सिक्युरिटी क्रमांक असल्यास तेथील नोंद, मग वाहन परवाना, नोकरी आणि बँक, असा क्रम ठेवावा. वेतनपत्रकावरील नाव सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी जुळले पाहिजे. वाहन परवाना देणारी कार्यालये परदेशी नागरिकांची माहिती केंद्राच्या स्थलांतरविषयक नोंदींशी ताडून पाहतात. त्या नोंदींत अजून जुनेच नाव असेल, तर परवान्यावर नवे नाव मिळायला वेळ लागू शकतो. अशा वेळी मुदतवाढीच्या मान्यतापत्रावर नवे नाव येईपर्यंत थांबणे इष्ट.

भारतातही काम उरतेच. आधार आणि पॅनवरील नावे एकमेकांशी जुळावी लागतात. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, हेही लक्षात ठेवावे. पदवी मात्र माहेरच्याच नावाची राहते. परदेशात नोकरी किंवा उच्च शिक्षण घेताना त्या पदवीचा आणि नव्या नावाचा दुवा जोडणारा कागद पुन्हा विवाह प्रमाणपत्र हाच. गंमत अशी, की अमेरिकेतील जन्मदाखल्याच्या प्रमाणित नमुन्यात बाळाच्या आईचे पहिल्या विवाहापूर्वीचे नाव विचारले जाते. पुसून टाकलेले नाव असे पुढच्या पिढीच्या कागदावर परत येते.

परतीची वाट

शेवटी एक कटू, पण सांगायलाच हवा असा मुद्दा. विवाह मोडला आणि माहेरचे नाव पुन्हा घ्यायचे ठरले, तर घटस्फोटाचा हुकूमनामा दाखवावा लागतो. परदेशात अवलंबितांच्या व्हिसावर असलेल्या स्त्रीचे तेथील वास्तव्यच विवाहावर आधारलेले असते. अशा काळात तिच्या हाती किमान नावाचे कागद तरी सुस्थितीत असावेत. म्हणून विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत, जुना आणि नवा पासपोर्ट, राजपत्राची प्रत ही सारी कागदपत्रे तिच्या स्वतःच्या ताब्यात असावीत, पतीच्या किंवा सासरच्या कपाटात नव्हेत.

तांदळात लिहिलेले नाव दुसऱ्या दिवशी तांदळातच मिसळून जाते. पासपोर्टवरचे नाव पुढची अनेक वर्षे विमानतळावर, बँकेत आणि कचेरीत सोबत करते. ते बदलण्याचा निर्णय घरच्यांच्या हौसेपोटी किंवा चुकीच्या समजुतीपोटी होऊ नये. जिचे नाव, तिने शांतपणे विचार करून तो घ्यावा. आणि एकदा घेतला, की साखळीतील शेवटच्या कडीपर्यंत तडीस न्यावा.