एसी काढायचा की ठेवायचा?

मित्राच्या गॅरेजमध्ये पोहोचले तेव्हा त्याच्या बाबांची जुनी मारुती एस्टीम अर्धी सोलून झाली होती. मागची सीट भिंतीला टेकवलेली, कारपेटची गुंडाळी कोपऱ्यात, दारांच्या पोटातून वायरी लोंबतायत. पत्र्याला चिकटलेलं आवाज दाबणारं डांबरी अस्तर तो पटाशीने खरवडत होता. बाजूला एक वजनकाटा आणि वही. निघालेली प्रत्येक वस्तू आधी काट्यावर, मग वहीत. ‘‘रेडिओ गेला, स्पीकर गेले, मागची सीट गेली,’’ तो म्हणाला. ‘‘एसीचं मात्र ठरत नाहीये यार.’’

मला हसूच आलं. रेस कारमध्ये कसला एसी? पण तुम्ही कधी रस्त्यावरची गाडी रेससाठी तयार करायला घेतलीत, तर इंजिनाइतकीच डोकेफोड इथे होते हे लक्षात येईल. काय ठेवायचं आणि काय फेकायचं?

गणित तसं सोपं आहे. गाडी हलकी झाली की ती लवकर वेग घेते, लवकर थांबते आणि वळणावर टायरवरचा ताणही कमी होतो. इंजिनची ताकद वाढवायला बक्कळ पैसे लागतात, वजन उतरवायला पान्यांचा सेट आणि रिकामा रविवार पुरतो. म्हणून सगळे आधी आतल्या सामानावर तुटून पडतात. फेरारीने 1987 मध्ये आणलेली एफ40 ही तर रस्त्यावर चालवायची गाडी. तरी तिच्यात ना कारपेट, ना म्युझिक सिस्टीम. दार आतून उघडायला हँडलही नाही, नुसती ओढायची केबल. एसी मात्र होता!

कारण उकाडा हा फक्त आरामाचा प्रश्न नाही. 2023 ची कतार ग्रांप्री आठवतेय? लोगन सार्जंटला रेस अर्ध्यात सोडावी लागली आणि एस्तेबान ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली. हे जगातले सगळ्यात फिट ड्रायव्हर! त्यानंतर नियम बदलले. 2025 पासून फॉर्म्युला वनमध्ये हीट इंडेक्स 31 अंशांच्या वर जाण्याचा अंदाज असेल, तर ड्रायव्हरला गार ठेवणारी यंत्रणा गाडीत बसवावी लागते. त्यासाठी गाडीचं किमान वजनही 5 किलोंनी वाढवून दिलंय. जिथे ग्रॅमाग्रॅमवरून भांडणं होतात, तिथे पाच किलो!

आता आपल्याकडचा विचार करा. अंगात आग न धरणारा जाड सूट, डोक्यावर बालाक्लावा, त्यावर हेल्मेट आणि बाहेर चेन्नईचं ऊन. पंधरा-वीस मिनिटांची रेस असेल तर माणूस निभावून नेतो. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो, म्हणजे तो वजनासोबत ताकदही खातो. तो काढलेला परवडतो. पण तासन्‌तास चालणाऱ्या रेसमध्ये घामासोबत लक्षही गळायला लागतं. तिथे अनेक जण मधला मार्ग काढतात. बारीक नळ्या शिवलेलं बनियन घालायचं आणि बर्फाच्या पेटीतलं गार पाणी त्यातून खेळवायचं.

एसी गेला म्हणून ब्लोअरही उपटू नका. गेल्या पावसाळ्यात माझा हाच मित्र दुसऱ्याच्या गाडीत सराव करत होता. त्या गाडीतला ब्लोअर ‘फालतू वजन’ म्हणून आधीच काढलेला. तिसऱ्या फेरीत समोरची काच आतून वाफेने पांढरी झाली. एका हाताने ग्लोव्हने काच पुसतापुसता त्याचं वळण चुकलं आणि गाडी सरळ चिखलात. नशीब, समोर भिंत नव्हती.

तेव्हापासून तो प्रत्येक वस्तूला तीनच प्रश्न विचारतो. ही काढली तर मला नीट दिसेल का? शेवटच्या फेरीपर्यंत डोकं ठिकाणावर राहील का? अपघात झाला तर पटकन बाहेर पडता येईल का? तुमच्या कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंटची टीम असेल तर तिसरा प्रश्न त्यांना पाठ असेल. तिथे ड्रायव्हरला 5 सेकंदांत गाडीबाहेर येऊन दाखवावं लागतं.

रेडिओ या परीक्षेत लगेच नापास. ड्रायव्हरची सीट काढायची, पण तिच्या जागी अंगाला घट्ट बसणारी बकेट सीट आणि हार्नेस हवा. सेकंडहँड स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका, या वस्तूंनाही एक्स्पायरी असते. लेबलवरची तारीख बघा. रॅलीचा विचार असेल तर हिशोब आणखी बदलतो. शेजारची सीट को-ड्रायव्हरची, स्टेपनीही लागणार आणि दोन टप्प्यांमधला प्रवास साध्या रस्त्यावरून असल्याने दिवे, हॉर्न सगळं शाबूत हवं.

पाना हातात घेण्याआधी आपल्या गटाची नियमावली वाचा. आपल्याकडे मोटरस्पोर्टचा कारभार एफएमएससीआय बघते. गटाला किमान वजन ठरवून दिलेलं असेल आणि तुम्ही त्याच्याही खाली गेलात, तर पुन्हा शिसं लादावं लागेल. मग एवढी खरवडाखरवड कशासाठी?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अशी गाडी घेऊन कॉलेजला जाऊ नका. कंपनीने दिलेल्या गाडीत मनाला येतील तसे बदल करून ती रस्त्यावर आणायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. पोलिसांचं सोडा, हेल्मेट न घालता रोल केजच्या गाडीत बसलात, तर साध्या धक्क्यानेही डोकं थेट लोखंडी पाइपवर आपटू शकतं. जी गोष्ट ट्रॅकवर जीव वाचवते, तीच रस्त्यावर घात करते. रेस कार ट्रॅकवर जाते ती ट्रेलरवरून.

निघताना मी त्याची वही चाळली. एसीपुढे ‘काढला’, ब्लोअरपुढे ‘ठेवला’. रेडिओच्या रिकाम्या खाचेत सगळा करंट एका झटक्यात तोडणारं स्विच बसणार होतं. मागच्या सीटपुढे वजनाचा आकडा होता आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात एक ओळ : ‘भंगारात देऊ नये. – बाबा’