फॅट किती लागली? विचारा पिपेटला



वैरण, पेंड, धार हे सगळं आपल्या हातचं. पण दुधाचा दर ठरतो डेअरीवर, ‘फॅट किती लागली’ यावर. बऱ्याच केंद्रांवर आता मशीन आलं आहे. तरी शंका आली की काचेच्या सामानाने, गर्बर पद्धतीने पडताळा घेता येतो. त्यात पिपेट नावाची नळी फार महत्त्वाची. आज तिची ओळख करून घेऊ.

पिपेट म्हणजे द्रव मोजून उचलायची नळी. औषधाच्या बाटलीतला ड्रॉपर हा तिचा सोपा प्रकार. तो थेंब टाकतो, पण नेमकं माप देत नाही. दुसऱ्या प्रकारच्या नळीवर खालपासून वरपर्यंत रेघा असतात, हवं तेवढं मोजून सोडता येतं. तिसरीला मध्ये फुगीर पोट आणि वर एकच रेघ. ती एकच माप देते, पण अगदी नेमकं. दवाखान्याच्या लॅबमध्ये बटण दाबायची मायक्रोपिपेट असते, ती मिलिलिटरचे बारीक अंशही मोजते.

दुधाची पिपेट पोटवाली असते. तिचं माप १०.७५ मिली. तपासणीच्या ब्युटिरोमीटर नावाच्या बाटलीत आधी १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, मग पिपेटने दूध आणि शेवटी १ मिली अमाईल अल्कोहोल घालतात. बूच लावून हलवतात आणि यंत्रात गरगर फिरवतात. फॅट वेगळी होऊन बाटलीच्या मानेत चढते, तिथला आकडा वाचायचा.

त्या मानेवरचे आकडे १०.७५ मिली दुधासाठीच आखलेले असतात. समजा, दूध १० मिलीच घेतलं, तर ४.३ फॅटचं दूध ४.० दाखवेल. दूध तेच, पण पैसे कमी!

म्हणून तपासणी चालू असताना चार गोष्टी बघा. नमुना घेण्याआधी दूध वर-खाली ढवळलं का? साय वर राहिली तर नमुना खरा येत नाही. पिपेट उभी, रेघ डोळ्यांच्या समोर धरली का? दूध पारदर्शक नसतं, म्हणून त्याची वरची कड रेघेला लागली पाहिजे. दूध सोडताना फुंकर न मारता आपोआप उतरू दिलं का? आणि पिपेटचं टोक फुटलेलं तर नाही ना?

केंद्रावर काम करणाऱ्या मुलींना एक सांगणं. पिपेट तोंडाने ओढू नका, रबरी फुगा वापरा. ॲसिड तर तोंडाजवळही नेऊ नका. तोंड, घसा भाजतो, डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते.

उद्या फॅट एकदम कमी लागली, तर भांडण नको. ‘माझ्यासमोर पुन्हा तपासा’ एवढंच म्हणा, आणि नजर त्या रेघेवर ठेवा.