डाव्या हातातला काला

(पिंपळगाव राजा येथील अखंड हरिनाम सप्ताहात सातव्या दिवशी झालेल्या कीर्तनातून)

निरूपणाला हात घालण्याआधी कालची एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगता सांगता निरूपण तिकडंच वाहून गेलं, तर माऊली सांभाळून घेतील.

काल कीर्तन संपलं, आरती झाली, प्रसादाची रांग लागली. मी इथंच खांबाला टेकून बसलो होतो. सहा-सात वर्षांचं एक पोरगं रांगेत पुढं सरकत आलं आणि त्यानं प्रसादासाठी हात पुढं केला. डावा. वाटणाऱ्या भाऊनं त्या हातावर चापट मारली. "काहून रे, डाव्या हातानं घेते का कोणी परसाद?" पोरानं हात मागं ओढला, पाठीशी लपवला. उजवा हात काही पुढं आला नाही. ते तसंच रिकाम्या हातानं मंडपाबाहेर निघून गेलं.

वाटणाऱ्या भाऊचा मला राग नाही. त्याला त्याच्या आजीनं तेच शिकवलं, तेच त्यानं पुढं दिलं. पण थोड्या वेळानं त्या पोराची आजी आली, पाया पडली आणि म्हणाली, "महाराज, आमच्या या डावऱ्याले काही उपाय सांगा. बाप मारते, शाळेत बोलणं खाते, पण हात काही सुटत नाही. शेजारीण म्हणते, डाव्या बोटाले बिब्ब्याचा चटका द्या, म्हणजे आपोआप उजवा वापरीन. देऊ का?"

मंडळी, मला रात्रभर झोप नाही. बिब्ब्याचा चटका म्हणजे काय, हे वऱ्हाडात मी सांगायला नको. कातडी सुटते. सहा वर्षांच्या लेकराच्या बोटाला चटका, का? तर देवानं दिलेला हात त्यानं वापरला म्हणून.

तिला मी म्हटलं, "माय, उद्या कीर्तनाला ये, याले घेऊन ये, पुढं बसव." आली आहे. पोरगंही आलं आहे. (हशा) लाजू नको रे बाबा.

आता आधी शास्त्राचं बोलू, म्हणजे विज्ञानाचं. साधारण दहा माणसांत एक माणूस डावखुरा असतो. या मंडपात तीनशे माणसं धरली तर तीसेक असायला पाहिजेत. हात वर करा बरं. पाच? सहा? बाकीचे कुठं गेले? कुठं गेले ते मी सांगतो. लहानपणी चापट खाऊन उजव्या बाजूला जाऊन बसले. त्यातलाच एक तुमच्यासमोर उभा आहे.

हो, मीही डावखुराच. शाळेत मास्तरांनी माझा डावा हात रुमालानं बाकाला बांधला होता. तो गुरुजींचा काळच तसा होता, त्यांचं नाव घेत नाही, त्यांनी मला पुढं वाचायलाही शिकवलं. पण ते वर्ष माझं गेलं. पाटीवर 'ग' काढायला सांगितला की उजव्या हातानं काहीतरी गांडूळ निघायचं आणि पोरं हसायची. शेवटी लिहायला उजव्या हातानं शिकलो, जेवायलाही शिकलो. पण दगड मारायचा तर डाव्यानं, विळा धरायचा तर डाव्यानं, दाढी डाव्यानं. म्हणजे मी धड ना इकडचा, धड ना तिकडचा. अशी अर्धी-अर्धी माणसं बरीच असतात, एका कामाला एक हात, दुसऱ्याला दुसरा. काही जन्मानंच तशी असतात, काही माझ्यासारखी घडवलेली.

हे होतं कशानं? मेंदूचे दोन भाग आहेत. डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी बाजू. तुम्ही घरात पाहिलं असेल, म्हाताऱ्या माणसाला लकवा मारला आणि उजवी बाजू गेली, की पुष्कळदा वाचाही जाते. डावी बाजू गेली तर बहुतेकदा बोलणं राहतं. कारण बहुतेकांची बोलण्याची जागा मेंदूच्या डाव्या भागात आहे, आणि तोच भाग उजवा हात हलवतो. डावखुऱ्या माणसांतही बहुतेकांचं बोलणं डाव्या भागातच असतं बरं का, म्हणून 'डावखुऱ्याचा मेंदू उलटा' हे म्हणणं खरं नाही. आणि हाताची ही ओढ जन्मानंतर लागलेली सवय नाही. आईच्या पोटात असतानाच बाळ अंगठा चोखतं, तोही बहुतेक बाळं उजवा, थोडी डावा. सोनोग्राफीत दिसतं ते. ज्याला पोटातच देवानं हात नेमून दिला, त्याला तुम्ही सहाव्या वर्षी बिब्बा लावून काय बदलणार?

काही म्हणतात, घरात कोणी नाही, मग हा कसा निघाला? रक्ताचा थोडा संबंध आहे, पण पक्का हिशोब नाही. आई-बाप दोघं डावखुरे असले तरी पोरं बहुतेक उजवीच निघतात. एकाच अंड्यातून झालेल्या जुळ्यांतसुद्धा कधी एक डावा, एक उजवा असतो.

आता तुम्ही शेतकरी माणसं, तुम्हाला हे मी वेगळ्या भाषेत सांगतो. तुमच्या बैलजोडीत एक बैल उजवीकडचा आणि एक डावीकडचा असतो की नाही? ज्याला लहानपणापासून डाव्या अंगाला जुंपला, त्याला उजवीकडं जुंपून बघा. तास वाकडं होतं, बैल खांदा काढतो, जोडी फसते. बाजारात बैल घ्यायला गेलात तर पहिलं विचारता, कोणत्या बाजूचा आहे? म्हणजे बैलाची बाजू तुम्ही विचारून घेता, आणि पोराची बाजू? ती मारून ठरवता. (टाळ्या) टाळ्या नका वाजवू, घरी जाऊन आठवा.

आता कोणी म्हणेल, महाराज, बैलाचं ठीक, पण शास्त्रात डावा हात अपवित्रच सांगितला आहे. चला, तेही बघू.

आपल्या भाषेनं डाव्यावर अन्याय केला आहे हे खरं. काम फळाला आलं की 'उजवलं'. मुलीचं लग्न झालं की मुलगी 'उजवली'. आणि एखाद्याला बाजूला सारलं की? 'डावललं'! घरात दोन सुनांत फरक केला की 'डावं-उजवं केलं'. पण त्याच भाषेत सोपं काम झालं की म्हणतात, हा तर माझ्या डाव्या हाताचा खेळ. संस्कृतात तर 'वाम' म्हणजे डावा आणि 'वाम' म्हणजे सुंदरही. पत्नीला वामांगी म्हणतात, ती काय कमी प्रतीची म्हणून? हृदय कुठल्या अंगाला झुकलेलं आहे ते हात लावून बघा. गणपती घ्या. आपल्या घरोघरच्या मूर्तीची सोंड बहुतेक डावीकडं वळलेली. उजव्या सोंडेचा, सिद्धटेकला आहे तसा, घरी आणायचा म्हटलं की आपणच घाबरतो, सोवळं कडक म्हणतो. म्हणजे डाव्या सोंडेचा देव चालतो, डाव्या हाताचं लेकरू चालत नाही.

आणि 'सव्य' हा शब्द बघा. सव्य म्हणजे मुळात डावा. जानवं डाव्या खांद्यावर असलं की सव्य, पितरांच्या कामाला उजव्या खांद्यावर घेतलं की अपसव्य. त्या इकडून तिकडं करण्याला आपण वैतागून 'सव्यापसव्य' म्हणतो. तर या सव्य शब्दावरून अर्जुनाचं नाव पडलं सव्यसाची. डाव्या हातानंही बाण सोडणारा. गांडीव त्याला दोन्ही हातांनी ओढता येई. अज्ञातवासात विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन राहायचं ठरलं, तेव्हा अडचण कुठली आली? धनुष्याच्या दोरीचे घट्टे त्याच्या दोन्ही हातांवर पडले होते. एका हातावर असते तर एक हात पदराखाली झाकला असता. मग त्यानं हात भरून बांगड्या घातल्या. आणि गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप दाखवल्यावर भगवंत त्याला कुठल्या नावानं हाक मारतात? सव्यसाची. पार्थ नव्हे, कौंतेय नव्हे. कुरुक्षेत्रावर देवाच्या तोंडी ते नाव आहे, ज्यात डावा हात आहे.

पण आता खरी गोष्ट. उद्या काला आहे. काला म्हणजे काय, तर गोपाळांबरोबर यमुनेच्या वाळवंटात देवाचं जेवण. हे कुठं सांगितलं आहे? भागवताच्या दहाव्या स्कंधात, तेराव्या अध्यायात. तिथं शुकाचार्य देव जेवताना कसा दिसत होता त्याचं वर्णन करतात. बासरी कमरेच्या शेल्यात खोचलेली. शिंग आणि काठी काखेत. बोटांच्या बेचक्यात फळं धरलेली. आणि दहीभाताचा मऊ घास कुठल्या हातात? डाव्या! शब्दच आहे तिथं डाव्या हाताचा. सगळे गोपाळ भोवती बसलेत, मध्ये देव, हसतोय, हसवतोय, आणि डाव्या हातात काला. स्वर्गातले देव वरून बघताहेत, आणि ब्रह्मदेव तर बघून बुचकळ्यात पडला, की यज्ञाचा भोक्ता म्हणतात तो हाच का?

कोणी शहाणा म्हणेल, महाराज, धरला असेल डाव्यात, खाल्ला असेल उजव्यानं. असेलही, मी तिथं नव्हतो. पण ज्या हातात देवानं काला धरला, त्या हातात काल आपण प्रसाद पडू दिला नाही, एवढं मात्र खरं.

विठ्ठल विठ्ठल!

रीत वाईट होती असं मी म्हणत नाही. ती कशासाठी होती ते समजून घ्या. पूर्वी साबण नव्हता, पाणी दुरून आणायचं. मग एक हात शौचाला, दुसरा जेवायला, असं नेमून टाकलं. शहाणपण आहे त्यात. पण नेमायचं मुख्य काय? दोन कामांचे दोन हात वेगळे. डावखुऱ्या लेकराला डाव्यानं जेवू द्या आणि दुसरं काम उजव्यानं शिकवा, रीत पाळली गेली की नाही? आणि कोणताही हात असो, जेवणाआधी दोन्ही साबणानं धुवा. उजव्या हातावरचे जंतू उजवे म्हणून पवित्र होत नाहीत. देवळात प्रसाद घ्यायचा तर ओंजळ करा, डावा-उजवा प्रश्नच उरत नाही.

दोन्ही हातांचं म्हटलं म्हणून आठवलं. आपल्या सेवाग्रामला राहिलेले गांधीजी. १९०९ साली इंग्लंडहून आफ्रिकेला जाताना बोटीवर त्यांनी 'हिंद स्वराज' लिहिलं, दहा दिवसांत, पावणेतीनशेच्या आसपास पानं. लिहून लिहून उजवा हात दुखला की डाव्यानं लिहायचे. चाळीसेक पानं डाव्या हातानं लिहिलेली आहेत. आणि पोरांनो, तुमचा सचिन तेंडुलकर. बॅट उजव्यानं, बॉल उजव्यानं, पण सही करतो डाव्या हातानं. सांगलीची स्मृती मानधना याच्या उलट. बॅटिंग डावखुरी, बाकी कामं उजव्यानं, कारण भावाला डाव्यानं खेळताना बघून ती तशी उभी राहायला शिकली. कोणाचं काय बिघडलं?

आता आजी, तुझ्या उपायाचं. उपाय आहे, पण तो आपल्यावर करायचा आहे. बाकावर याला डाव्या टोकाला बसवायला शाळेत सांगा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागत नाही. आपली अक्षरं डावीकडून उजवीकडं जातात, त्यामुळं डावखुऱ्याचा हात ओल्या शाईवरून फिरतो आणि वही काळी होते. त्याला घाण अक्षर म्हणून मारू नका. वही थोडी उजवीकडं तिरपी ठेवायला आणि पेन टोकापासून जरा वर धरायला शिकवा. कात्री उजव्या हाताची असते, डाव्या हातात तिची पाती दाबली जात नाहीत, उघडतात, म्हणून कागद चुरगळतो. डाव्या हाताची कात्री वेगळी मिळते. विळ्याला एका अंगानं धार असेल तर लोहाराला सांगा, तो दुसऱ्या अंगानं लावून देईल. मला लावून दिली होती. एकच गोष्ट मात्र जपा. कडबा कापायच्या मशीनजवळ याला लवकर जाऊ देऊ नका. ती यंत्रं उजव्या हाताच्या माणसाचा विचार करून बनवलेली असतात.

कापूस वेचायला मात्र याला खुशाल न्या. तिथं डावं-उजवं नाही. खामगावच्या बाजारात कापूस जातो तेव्हा कोणत्या हातानं वेचला हे व्यापारी विचारत नाही. आपल्या बाया दोन्ही हातांनी बोंड मोकळं करतात.

माझं सांगायचं तर मृदंगानं मला वाचवलं. मृदंगाच्या एका तोंडाला शाई, दुसऱ्याला कणीक. शाईचं तोंड उजव्या हाताला, कणकेचं डाव्याला, ही रीत. माझा हात काही बसेना. ज्यांच्याकडं शिकत होतो ते बुवा तीन दिवस गप्प बघत होते. चौथ्या दिवशी उठले, माझ्या मांडीवरचा मृदंग उचलला, फिरवला, उलटा ठेवला आणि म्हणाले, "वाजव." बोल निघाला. त्या दिवशी मी रडलो होतो. मृदंग तोच होता, हात तेच होते.

वाटणारे भाऊ, तुम्ही तिथं मागं उभे आहात, मला दिसताय. उद्या काल्याला लाह्या, दही कालवून झालं, की पळी या पोराच्या हातात द्या. पहिला काला त्यानं मला वाढायचा. पळी कोणत्या हातात धरायची ते त्याचं तो बघेल. मी ओंजळ करतो.

पुंडलिकाच्या गावचा तो दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा आहे, त्याचं नाव घ्या. विठ्ठल, विठ्ठल.